प्रा. साईबाबा यांची व्हीलचेअर आणि आपल्या बाथरूमचं दार

१२ ऑक्टोबर २०२४ ला दसरा होता. दीक्षाभूमीकडे जाणारे रस्ते माणसांनी भरले होते, घरोघरी सोनं वाटणं चालू होतं. त्याच रात्री हैदराबादच्या निम्स रुग्णालयात प्रा. जी. एन. साईबाबा यांचं निधन झालं. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत झाली होती. वय ५७.

दीक्षाभूमीहून वर्धा रोडला आलात की रहाटे कॉलनी चौकाजवळ मध्यवर्ती कारागृहाची भिंत लागते. त्या भिंतीआड हा माणूस व्हीलचेअरवर होता. जन्मठेप सुनावली गेली ७ मार्च २०१७ ला, सुटका झाली ७ मार्च २०२४ ला. बरोबर सात वर्षं. २०१४ च्या अटकेनंतरचा तुरुंगवास वेगळा.

खटल्याबद्दल थोडक्यात सांगतो. माओवाद्यांशी संबंध असल्याच्या आरोपावरून गडचिरोलीच्या सत्र न्यायालयाने यूएपीए कायद्याखाली शिक्षा दिली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ऑक्टोबर २०२२ मध्ये निर्दोष सोडलं. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द करून पुन्हा सुनावणी घ्यायला सांगितलं आणि ५ मार्च २०२४ ला याच खंडपीठाने त्यांना पुन्हा निर्दोष ठरवलं. त्यांचे राजकीय विचार तुम्हाला पटत असतील किंवा अजिबात पटत नसतील. गडचिरोली आपल्या शेजारी आहे, तिथे दोन्ही बाजूंनी किती रक्त सांडलं हे नागपूरकराला सांगायला नको. त्या वादात मला शिरायचं नाही. मला लिहायचं आहे ते त्यांच्या शरीराबद्दल.

आंध्रातल्या अमलापुरमचा हा मुलगा. पाचव्या वर्षी पोलिओ झाला, पाय गेले. घरची परिस्थिती बेताची. व्हीलचेअर हाती आली ती दिल्लीला गेल्यावर, तोवर हातांवर रांगतच शिक्षण झालं. पुढे दिल्ली विद्यापीठाच्या रामलाल आनंद कॉलेजात इंग्रजीचे प्राध्यापक झाले. त्यांची मुख्य ओळख आदिवासींच्या हक्कांसाठी बोलणारे कार्यकर्ते अशी होती. पण अपंग माणूस तुरुंगात गेला की त्याचं काय होतं, हा प्रश्न या देशात चर्चेला आला तो बराचसा त्यांच्यामुळे आणि त्यांच्यासाठी भांडणाऱ्या अपंग संघटनांमुळे. कागदोपत्री त्यांचं अपंगत्व ९० टक्के होतं. (मी ‘अपंग’ लिहितो, सरकार ‘दिव्यांग’ म्हणतं. शब्द कोणताही वापरा, पायरीची उंची तेवढीच राहते.)

सुटल्यावर त्यांनी पत्रकारांना सांगितलं की तुरुंगात गेलो तेव्हा पोलिओ सोडला तर दुसरा आजार नव्हता, आता एकेक अवयव साथ सोडतोय. व्हीलचेअरसाठी उतार नव्हता, शौचाला आणि आंघोळीला दुसऱ्यांनी उचलून न्यावं लागे, असंही ते म्हणाले. तुरुंग प्रशासनाचं म्हणणं होतं की त्यांना योग्य ते उपचार दिले जात होते. समजा, दोन्ही खरं आहे. गोळ्या मिळाल्या आणि उतार मिळाला नाही. तरीही शरीराचं काय होतं, ते बघा.

पोलिओचा विषाणू मज्जारज्जूतल्या, स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशी मारतो. संवेदना नेणाऱ्या नसांना तो सहसा हात लावत नाही. त्यामुळे पोलिओच्या माणसाला पायाला चिमटा काढलेला समजतो, टोचलेलं समजतं, आणि लघवी-शौचावरचा ताबाही सहसा शाबूत असतो. मणक्याच्या दुखापतीत बहुधा उलट असतं. व्हीलचेअर दिसली की आपण सगळ्यांना एकाच रांगेत बसवतो आणि ‘डायपर लावा ना’ असं सहज बोलून जातो. ज्याला सगळं समजतं, सगळ्यावर ताबा आहे, त्याला केवळ दार अरुंद आहे म्हणून दुसऱ्याच्या हातांवर संडासात जावं लागणं म्हणजे काय, याचा क्षणभर विचार करा.

मग माणूस काय करतो? पाणी पिणं कमी करतो.

हे मला पुस्तकाने नाही, एका बाईंनी शिकवलं. त्याही पोलिओच्या, कार्यालयात नोकरी करणाऱ्या. वर्षातून तीन-तीनदा लघवीचा संसर्ग घेऊन यायच्या. मी दर वेळी अँटिबायोटिक लिहून द्यायचो आणि बजावायचो, भरपूर पाणी प्या. एकदा त्या वैतागून म्हणाल्या, “डॉक्टरसाहेब, पाणी पिईन हो, पण जाऊ कुठे? ऑफिसातल्या संडासात माझी खुर्ची जात नाही. आणि तुमच्या दवाखान्यातल्याही जात नाही, म्हणून आज सकाळपासून घोटभरसुद्धा घेतलेलं नाही.” मे महिना होता. नागपूरचा मे.

मी काही बोलू शकलो नाही. माझ्या दवाखान्याला वीस वर्षं तीन पायऱ्या होत्या, आणि त्यांचा भाऊ दर वेळी त्यांना खुर्चीसकट उचलून आत आणायचा. मी ते बघत होतो आणि ‘किती काळजी घेतो भाऊ’ असं मनात म्हणत होतो.

पाणी कमी पडलं की लघवी घट्ट होते, संसर्ग होतो, मुतखडे होतात, बद्धकोष्ठता वाढते. साईबाबांच्या आजारांच्या यादीत मुतखडे होते. त्यांचे खडे पाणी कमी प्यायल्यानेच झाले, असं न तपासता मी म्हणणार नाही. शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंतही कुणालाही होऊ शकते, तिचं खापर मी तुरुंगावर फोडणार नाही. पण अशा शरीराला पाणी टाळायला लावणारी व्यवस्था आजार निर्माण करते, एवढं मी खात्रीने सांगू शकतो.

दुसरी गोष्ट खांद्याची. ज्याचे पाय काम करत नाहीत त्याचे खांदे हेच पाय असतात. खुर्ची ढकलणं, खुर्चीतून पलंगावर सरकणं, एकाच जागी बसून कातडीवर दाब पडू नये म्हणून दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर भार घेऊन अंग उचलणं, सगळं खांद्यांवर. निसर्गाने हा सांधा वजन पेलायला बनवलेला नाही, हात चहूकडे फिरवायला बनवलाय. त्यामुळे तो झिजतो. त्यात कुणी काखेत हात घालून हिसका देऊन उचललं, तर हाताकडे जाणाऱ्या नसांचा जो जुडगा काखेतून जातो तो ताणला जाऊ शकतो. अटकेच्या वेळी झालेल्या ओढाताणीत डाव्या हाताला इजा झाली, अशी साईबाबांची तक्रार होती. तुमच्या-माझ्या बाबतीत हात दुखावणं म्हणजे काही महिन्यांची गैरसोय. त्यांच्या बाबतीत ते दुसऱ्यांदा पाय जाणं होतं.

म्हणून घरात, लग्नाच्या हॉलमध्ये, रेल्वे स्टेशनवर कुणाला उचलायची वेळ आली तर आधी त्यालाच विचारा, ‘कसं धरू?’ त्याला माहीत असतं. काखेत हात घालून ओढू नका. दोघांनी मिळून एकाने पाठीमागून धड सावरा, दुसऱ्याने मांड्यांखाली हात घाला.

तिसरी गोष्ट थोड्यांनाच माहीत असते. पोलिओ होऊन गेला, आता जे आहे ते आहे, असं नसतं. मेलेल्या पेशींचं काम उरलेल्या पेशी अंगावर घेतात आणि वर्षानुवर्षं दुप्पट-तिप्पट राबतात. साधारण १५ ते ४० वर्षांनी त्या थकू लागतात. नव्याने अशक्तपणा येतो, चांगले राहिलेले स्नायूही कमजोर होतात. याला पोस्ट-पोलिओ सिंड्रोम म्हणतात. पाठीचा कणा वाकडा असेल तर छातीला पुरतं फुलायला जागा मिळत नाही, साधा खोकलाही जड जातो. भारतात नैसर्गिक (वाइल्ड) विषाणूच्या पोलिओचा शेवटचा रुग्ण २०११ मध्ये सापडला, म्हणून आपण हा विषय मिटवून टाकला. पण पोलिओतून वाचलेले असंख्य लोक आज पन्नाशी-साठीत आहेत आणि नेमके या वळणावर आहेत. ‘वय झालं’ म्हणून त्यांना परत पाठवणारे डॉक्टर कमी नाहीत.

आता कायद्याचं बघा. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा १९ एप्रिल २०१७ ला लागू झाला, साईबाबांना शिक्षा होऊन सहा आठवडे झाले होते. माणसाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करून देणं हा त्याचा हक्क आहे, असं तो कायदा म्हणतो. २०१९ मध्ये कारागृहाच्या बाहेरून, वर्धा रोडवरून मेट्रो धावू लागली. तिच्या स्टेशनांत लिफ्ट आहेत, व्हीलचेअर आत जाते. म्हणजे जमत नाही असं नाही. जुलै २०२५ मध्ये तमिळनाडूतल्या एका अपंग वकिलाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्या राज्यातल्या तुरुंगांना उतार, वापरता येतील अशी स्वच्छतागृहं आणि फिजिओथेरपी यांची सोय करायला सांगितलं. साईबाबा जाऊन तेव्हा नऊ महिने झाले होते.

शिक्षा म्हणजे स्वातंत्र्य काढून घेणं. संडासाला जाता न येणं हा कुठल्याही कलमाखालच्या शिक्षेचा भाग नाही. हे मला आरोप सिद्ध झालेल्या कैद्याबद्दलही म्हणायचं आहे, इथे तर माणूस निर्दोष ठरला. २०२० मध्ये आई कॅन्सरने गेली, तेव्हाही त्यांना पॅरोल मिळाला नव्हता.

त्यांच्या इच्छेप्रमाणे डोळे दान झाले आणि देह सिकंदराबादच्या गांधी मेडिकल कॉलेजला दिला गेला.

आणि तुम्ही? एक टेप घ्या आणि घरच्या बाथरूमचं दार मोजा. साधी व्हीलचेअर ६० ते ६५ सेंटिमीटर रुंद असते, ढकलणाऱ्या हातांना जागा हवी, म्हणजे दार किमान ८० हवं, ९० असेल तर उत्तम. आत खुर्ची वळवायला दीड मीटरचा गोल मोकळा लागतो. उताराचा हिशोब सोपा आहे: एक फूट चढायला बारा फूट लांबी. दार बाहेर उघडणारं करा, आत कुणी पडलं तर ते अडत नाही. घरात आज व्हीलचेअर नसेल, पण खुब्याचं हाड मोडलेली आजी असू शकते.

माझ्या दवाखान्यात आता उतार आहे. स्वच्छतागृहाचं दार मी मागच्या वर्षी मोजलं, तेव्हा ते ६८ सेंटिमीटर भरलं. ते तोडून ९० चं केलं. गवंडी म्हणाला, “एवढं मोठं दार कशाला साहेब, एकच माणूस जातो ना आत?”