अर्थसमितीत बायका हव्यात

वसईतल्या आमच्या धर्मग्रामात रविवारची मिस्सा फादर अर्पण करतात. पण वाचन, गायन, मुलांचं धर्मशिक्षण, अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी ख्रिस्तशरीर नेणं ही सगळी कामं आम्ही प्रापंचिक करतो. मी धर्मशिक्षणाचा वर्ग घेते. मोबदला नाही, आणि तो मला नकोच.

खुपतं ते वेगळंच. वर्ग, वेदीवरची फुलं, झाडलोट बायकांकडे. पैशांच्या बैठकीत मात्र बहुतेक पुरुष. 1983 च्या धर्मसंहितेनुसार प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असावीच लागते, आणि तिथे स्त्रियांना मज्जाव नाही. 2021 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी वाचक आणि वेदीसेवक ही अधिकृत सेवापदं स्त्रियांना खुली केली. त्याच वर्षी धर्मशिक्षकालाही तसा दर्जा दिला. रोमने एवढं केलं, तरी आयुष्यभर बँकेत हिशेब सांभाळलेल्या आमच्या निवृत्त भगिनींना अजून हार गुंफायलाच बोलावणं येतं. हे बरोबर नाही.

फादर, पुढची अर्थसमिती नेमताना निम्म्या जागा बायकांना द्या. आणि बायांनो, विचारणा झाली तर नाही म्हणू नका.