मंजूर, पण कोणाला विचारून?

केनियात संशोधन करावयाचे म्हटले की परवाना लागतो. २०१३ च्या कायद्याने त्या देशात विज्ञान, तंत्रज्ञान आणि नवोपक्रम यांसाठी राष्ट्रीय आयोग स्थापन झाला. हिवतापाच्या लशीपासून शाळागळतीपर्यंत आणि मक्याच्या बियाण्यापासून खतांच्या वापरापर्यंत कोणताही प्रकल्प त्याच्या हातून जावा लागतो. संशोधक परका असेल तर त्याला एखाद्या केनियन संस्थेशी जोडून घ्यावे लागते. विषय माणसांच्या आरोग्याचा असेल तर नीतिसमितीची मान्यता निराळी. हे सोपस्कार उरकले की प्रकल्पावर ‘मंजूर’ असा शिक्का बसतो. आमचा आक्षेप संशोधनाला नाही, आयोगालाही नाही. आमचे भांडण आहे ते या ‘मंजूर’ शब्दाशी.

परवान्याच्या अटी काय आहेत? काम सुरू करण्यापूर्वी जिल्ह्याचे आयुक्त, गव्हर्नर आणि शिक्षणाधिकारी यांना कळवावे. काम संपल्यावर वर्षभरात अंतिम अहवाल आयोगाकडे द्यावा. अटी रास्त आहेत. पण ज्याच्या बोटातून रक्ताचा थेंब घ्यावयाचा, ज्याच्या पोराची परीक्षा घ्यावयाची, ज्याच्या वावरात खताचा हिशेब मांडावयाचा, तो माणूस यात कोठे आहे? तेथे गावसभेला ‘बराझा’ म्हणतात. गावचा सरकारी प्रमुख ती बोलावतो, लोक झाडाखाली जमतात, पाहुणे बोलतात. बराझात सांगितले जाते; विचारले जातेच असे नाही. सांगणे आणि विचारणे यांतला फरक कळायला पदवी लागत नाही.

बडोद्याच्या मराठी अंकात केनिया कशाला, असे कोणी विचारील. आमच्या शेजारच्या गुजराती घरांतून नैरोबी, किसुमू ही नावे लहानपणापासून कानावर पडत आली, हे एक कारण. दुसरे कारण पुढे येईलच.

युगांडाच्या सीमेला लागून बुसिया नावाचा भाग आहे. गेल्या तीस वर्षांत अर्थशास्त्राच्या पुस्तकांत या टापूची जितकी चर्चा झाली, तितकी क्वचितच दुसऱ्या एखाद्या ग्रामीण भागाची झाली असेल. मायकेल क्रेमर यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात तेथील शाळांवर प्रयोग केले. काही शाळा चिठ्ठ्या टाकाव्यात तशा निवडावयाच्या, त्यांना एखादी गोष्ट द्यावयाची, उरलेल्यांना नंतर द्यावयाची, आणि फरक मोजावयाचा, अशी ही रीत. २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल याच रीतीसाठी क्रेमर, एस्तेर डफ्लो आणि अभिजित विनायक बॅनर्जी यांना मिळाले. बॅनर्जींच्या मातोश्री माहेरच्या मराठी, म्हणून आपल्या मंडळींनाही त्याचे अप्रूप वाटले.

त्यांतला पाठ्यपुस्तकांचा प्रयोग आम्हांला सर्वांत मोलाचा वाटतो. १९९६ साली पंचवीस शाळांना इंग्रजी, गणित आणि विज्ञान यांची सरकारमान्य पुस्तके वाटली. सगळ्यांची अपेक्षा, गुण वाढतील. सरासरी गुण वाढले नाहीत. वर्गात जी मुले आधीच पुढे होती तेवढ्यांचाच लाभ झाला. कारण पुस्तके इंग्रजीत होती, आणि इंग्रजी ही त्यांतल्या बहुतेक मुलांची तिसरी भाषा. घरी लुह्या किंवा तेसो, बाजारात स्वाहिली, आणि पुस्तकात इंग्रजी. मागच्या बाकावरच्या मुलाला पुस्तक मिळाले, पण ते त्याला वाचताच येईना.

महाराष्ट्राबाहेर चार-पाच पिढ्या काढलेल्या कुटुंबांना हे समजावून सांगावे लागू नये. आमच्याच शहरातले उदाहरण घ्या. सयाजीराव महाराजांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग आधी १८९३ साली अमरेली तालुक्यात करून पाहिला आणि १९०६ मध्ये तो राज्यभर लागू केला. राजा मराठी, प्रजा बहुतांशी गुजराती. शिक्षण दिले ते प्रजेच्या भाषेत. आणि त्या प्रयोगाचा जाब कोणाला विचारावयाचा, हे अमरेलीच्या शेतकऱ्याला ठाऊक होते.

बुसियाच्या त्या प्रयोगाचा निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. कोठे? अमेरिकेतल्या अर्थशास्त्राच्या नियतकालिकात, अर्थात इंग्रजीतून. परक्या भाषेतले पुस्तक मुलाला पोचत नाही, हे सत्य त्या मुलाच्या बापाला पोचणार नाही अशा भाषेत लिहिले गेले! यात कोणाची लबाडी होती असे आम्ही म्हणत नाही. नियम मोडला असता तर गोष्ट सोपी होती. येथे सगळे नियमाप्रमाणे झाले, हेच आमचे दुखणे आहे. याच केनियात न्गुगी वा थिओंगो यांनी १९७७ साली गावकऱ्यांना घेऊन गिकुयू भाषेत नाटक उभे केले आणि त्यापायी खटल्याविना वर्षभर तुरुंगवास भोगला. ते २०२५ मध्ये वारले. लोकांशी लोकांच्या भाषेत बोलणे ही किती जड गोष्ट आहे, हे त्या सरकारने तरी ओळखले होते.

आरोग्याकडे वळू. १९९८ पासून बुसियातल्या पंचाहत्तर शाळांमधून तीस हजारांवर मुलांना टप्प्याटप्प्याने जंताचे औषध दिले गेले. गैरहजेरी सुमारे चतुर्थांशाने घटली. त्या आकडेमोडीवर २०१५ मध्ये मोठा वाद झाला, तो पंडितांचा पंडितांनी मिटवावा. आम्हांला त्यातला एक बारीक तपशील अस्वस्थ करतो. पहिल्या वर्षी पालकांच्या सभेत सांगून, ज्यांना नको त्यांनी कळवावे, एवढ्यावर भागले. दुसऱ्या वर्षापासून प्रत्येक पालकाची सही आवश्यक ठरली, आणि औषध घेणाऱ्यांचे प्रमाण घसरले. यामागचे एक कारण संशोधकांनीच सुचवले आहे: शाळेची फी थकलेली असल्यामुळे पालक मुख्याध्यापकांसमोर जायला बिचकत असावेत. संमतीचा कागद ज्या टेबलावर ठेवला त्याच टेबलावर थकबाकीची वहीही होती! अशा जागी घेतलेल्या होकाराला काय म्हणावे, आणि नकाराला तरी काय?

शेतीत निराळी तऱ्हा. शेतकरी रासायनिक खत का घेत नाही, असा प्रश्न घेऊन संशोधक बुसियात आले. सुगी होताच, हातात पैसा असताना खत घरपोच देण्याची सोय केली की तो घेतो, असे त्यांना आढळले. उपयोगी शोध आहे. परंतु पश्चिम केनियाच्या शेतकऱ्याचा सर्वांत जुना वैरी ‘कायोंगो’ हा आहे. आपल्याकडे ज्वारीवर येणारा टारफुला त्याचा भाऊबंद. जांभळ्या फुलांचे हे तण मक्याच्या मुळाला चिकटून त्याचा रस ओढते. व्हिक्टोरिया सरोवराकाठी म्बिटा येथे कीटकविज्ञानाचे संशोधन केंद्र आहे. झेयाउर खान आणि त्यांचे सहकारी तेथे खोडकिड्यावर उपाय शोधत होते. मक्याच्या ओळींत डेस्मोडियम आणि बांधाला हत्ती गवत लावून पाहिले, तर कीड हटलीच, शिवाय डेस्मोडियमच्या जागी कायोंगोही उठेना. ही पद्धत शेतकऱ्यांच्याच वावरांतून, त्यांच्या डोळ्यांदेखत वाढली आणि शेजाऱ्याने शेजाऱ्याकडे पाहून उचलली. गुरांना चारा मिळाला तो वेगळाच. खेडुताला विज्ञान काय कळणार, असे म्हणणाऱ्यांनी ते शेत बघून यावे.

किलिफीचेही उदाहरण आहे. तेथे १९८९ पासून मोठे वैद्यकीय संशोधन केंद्र चालते. ही माणसे रक्त काढून नेतात, असे तेथल्या लोकांत कुजबुजत. अडाणीपणा म्हणून कोणी हसले असते. केंद्राने हसण्याऐवजी गावकऱ्यांनी निवडलेल्या प्रतिनिधींशी नियमित बैठका सुरू केल्या. म्हणजे हे करता येते. मात्र ते केंद्राच्या शहाणपणावर राहिले, परवान्याच्या अटीत आले नाही.

आता ते दुसरे कारण. अशा प्रयोगांची भूमी बडोदेही होते. २००१ ते २००३ या काळात येथील आणि मुंबईच्या शाळांत बालसखीचा प्रयोग झाला. वस्तीतलीच शिकलेली मुलगी मागे पडलेल्या मुलांना रोज दोन तास घेई, आणि ती मुले पुढे सरकली. तो आम्ही अभिमानाने सांगतो. दुसरा सांगताना मान खाली जाते. २००९ मध्ये आंध्रातील खम्मम आणि गुजरातेतील बडोदे या जिल्ह्यांत दहा ते चौदा वर्षांच्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लस टोचली गेली. तोही मंजूर प्रकल्पच होता. एप्रिल २०१० मध्ये तो थांबवावा लागला, आणि २०१३ साली संसदेच्या स्थायी समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. खम्मममध्ये वसतिगृहांतील मुलींच्या संमतिपत्रांवर अधीक्षकांच्या सह्या आढळल्या होत्या. लस वाईट नव्हती. ती आज जगभर दिली जाते. पण चांगली वस्तू न विचारता दिली की ती घेणाऱ्याच्या मनातून उतरते, आणि त्याची किंमत पुढच्या मुलींना मोजावी लागते.

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदतीचा ओघ एकाएकी रोखला आणि आफ्रिकेतील कितीतरी चाचण्या मध्यावरच बंद पडल्या. चाचणीत नाव घातलेल्या माणसांना कोणी विचारले नाही. सुरुवातीलाच त्यांचे मत मोजले नव्हते, मग शेवटी कोण मोजणार?

आमची मागणी फार मोठी नाही. ज्या गावात प्रयोग होणार त्या गावाने निवडलेली दोन माणसे मंजुरीच्या बैठकीत मताधिकाराने बसावीत. आणि निष्कर्ष आयोगाकडे पाठवण्याआधी तो बराझात, तिथल्या भाषेत, वाचून दाखवावा. त्यावाचून पुढचा परवाना मिळू नये. यावर उत्तर येते की लोक विखुरतात, शहरांत जातात, त्यांना कोठे शोधावयाचे! परंतु जंताचे औषध घेतलेल्या बुसियाच्या त्या मुलांपैकी हजारोंचा माग संशोधकांनी वीस वर्षे काढला. नैरोबीत गेलेली शोधली, सीमेपलीकडे गेलेली शोधली, त्यांना मिळकत विचारली, खर्च विचारला, आणि औषध अधिक वर्षे मिळालेल्यांची मिळकत जास्त आहे असे २०२१ मध्ये प्रसिद्ध केले. आज ती मुले चाळिशीच्या आसपास आहेत. प्रश्न विचारण्यासाठी त्यांचा पत्ता सापडतो.