आज्ञा कोठें पोंचते?

संस्कृत व्याकरणांत आज्ञार्थासाठीं 'लोट्' हा स्वतंत्र लकार आहे. आज्ञा देणारा आणि ती ऐकणारा यांच्यामध्यें अंतर किती, हें मात्र व्याकरण विचारीत नाहीं. तो विचार आज आपल्या घरोघरच्या तरुणांना करावा लागतो. पुण्या-मुंबईस नोकरी करणारा मुलगा चतुर्थीला कोंकणांत घरीं येतो आणि आरती आटोपल्यावर माजघराच्या कोपऱ्यांत बसून काळ्या पडद्यावर पांढरीं अक्षरें उमटवूं लागतो. वडील मंडळींस वाटतें, सणासुदीलाही ह्याचें तें यंत्र सुटत नाहीं. वस्तुतः तो शेंकडों मैल दूर असलेल्या संगणकास आज्ञा देत असतो. ह्या कामाचें स्वरूप घरांतील सर्वांस ठाऊक असावें, म्हणून हा प्रपंच.

ही कल्पना नवी नव्हे. ११ सप्टेंबर १९४० रोजीं जॉर्ज स्टिबिट्झ ह्या अमेरिकन गणितज्ञानें हॅनोव्हर येथील डार्टमथ कॉलेजांत भरलेल्या सभेंत एक टंकयंत्र मांडलें, आणि दोनशें मैलांहून दूर न्यूयॉर्कमध्यें असलेल्या आपल्या गणकयंत्रास तारेनें उदाहरणें धाडून तेथल्या तेथें उत्तरें मिळविलीं. आपल्याकडे १९८८ सालीं पुण्यास सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं १९९१ सालीं 'परम ८०००' हा महासंगणक सिद्ध झाला. २०२४ सालीं पुण्याच्याच उष्णदेशीय हवामान संस्थेंत 'अर्क' हा महासंगणक कार्यास लागला. अर्क म्हणजे सूर्य. पाऊसवाऱ्याचें गणित करणाऱ्या यंत्रास नांव मोठें समर्पक आहे. मालवणच्या किनाऱ्यावर होडी लोटण्यापूर्वीं मच्छीमार जो अंदाज ऐकतात, तसल्या अंदाजांमागें अशाच यंत्रांचे श्रम असतात.

महासंगणकासमोर संशोधक सहसा जाऊन बसत नाहीं. तो आपल्या जागेवरूनच त्यांत प्रवेश करितो. प्रथम त्यास 'लॉगिन' यंत्रावर उतरावें लागतें. ही जणूं घराची ओसरी. तेथून तो आपलें काम रांगेंत लावतो आणि पाळी आली म्हणजे आंतील यंत्रें तें करितात. ओसरीवर चूल मांडूं नये, तद्वत् लॉगिन यंत्रावर अवजड गणित चालवूं नये, असा तेथील शिष्टाचार आहे.

ह्या प्रवेशाचा आज रूढ असलेला मार्ग म्हणजे 'एसएसएच'. पूर्वींच्या टेलनेटसारख्या पद्धतींत परवलीचा शब्द उघडाच जात असे. पोस्टकार्डावर तिजोरीचा आंकडा लिहून धाडावा तसें तें होतें. फिनलंडमधील हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठांत असे शब्द वाटेंत चोरले गेले, तेव्हां तेथील टाटू इलोनेन यांनीं १९९५ सालीं ही गुप्त संदेशाची पद्धत निर्माण केली. हींत किल्ल्यांची जोडी वापरतां येते. खाजगी किल्ली आपल्यापाशीं राहते आणि सार्वजनिक किल्ली दूरच्या यंत्रावर ठेविलेली असते. खाजगी किल्लीनें उमटविलेली मोहोर सार्वजनिक किल्लीनें पडताळतां येते. परंतु सार्वजनिक किल्लीवरून तशी मोहोर बनवितां येत नाहीं. उलटपक्षीं दूरचें यंत्रही पहिल्या भेटींत आपला ठसा दाखवितें. तो न पाहतांच 'होय' म्हणणें म्हणजे दारावर आलेल्या अनोळखी मनुष्यास त्याच्या शब्दावर घरांत घेणें होय.

येथवर वाट सुरक्षित झाली. खरी कसोटी पुढें आहे: धाडलेली आज्ञा कोठें अंमलांत येते? समजा, दूरच्या यंत्रास सांगावयाचें आहे कीं, 'आजची तारीख काढ आणि वही नांवाच्या फाइलींत लिहून ठेव.' हें सारें वाक्य अवतरणचिन्हांत न घालतां धाडलें, तर आपल्यासमोरचा आज्ञावाचक, ज्यास शेल म्हणतात, त्यांतील 'फाइलींत लिही' हा भाग स्वतःस उद्देशून आहे असें समजतो. तारीख तेथली येते, पण वही येथें तयार होते. अवतरणचिन्हें घातलीं कीं संपूर्ण वाक्य पलीकडे जातें आणि वहीही तेथेंच होते. शाळेंत अवतरणचिन्हांस क्षुल्लक समजणाऱ्या विद्यार्थ्यांनीं हें उदाहरण ध्यानांत धरावें. यंत्र अक्षर ऐकतें. बोलणाऱ्याचा हेतु त्यास कळत नाहीं.

ह्याची किंमत केवढी असूं शकते, हें ३१ जानेवारी २०१७ रोजीं दिसून आलें. गिटलॅब ह्या कंपनीचा एक अभियंता रात्रीं उशिरां दुय्यम यंत्रावरील बिघडलेली माहिती पुसून टाकूं पाहत होता. पुसण्याची आज्ञा त्यानें दिली खरी, परंतु ती मुख्य यंत्रावर गेली. एकदोन सेकंदांतच चूक ध्यानीं येऊन त्यानें ती थांबविली. तोंवर सुमारें ३०० गिगाबाइटांपैकीं साडेचारच उरले होते. जपून ठेवलेल्या प्रती पाहूं जातां त्याही बहुतेक निरुपयोगी ठरल्या. सुदैवानें सहा तासांपूर्वींची एक प्रत हातीं लागली. मधल्या सहा तासांची माहिती मात्र कायमची गेली. कंपनीनें सारी हकीकत स्वतःच प्रसिद्ध केली, अभियंत्याचें नांव मात्र दिलें नाहीं. आणि प्रत्येक यंत्राचा पडदा वेगळा ओळखूं येईल अशी योजना सुधारणांच्या यादींत घातली. दोष मनुष्यावर लादून मोकळें होण्यापेक्षां दोन सारखीं दिसणारीं दारें वेगळ्या रंगानें रंगवावीं, हेंच शहाणपण.

म्हणून तरुण वाचकांस दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पुसण्याची आज्ञा देण्यापूर्वीं 'होस्टनेम' आणि 'हूॲमआय' हे दोन प्रश्न यंत्रास अवश्य विचारावे: मी कोठें आहें, आणि कोणाच्या नांवानें बोलत आहें? दुसरें, एकत्र कुटुंबांत कपाटाची किल्ली काकूंपासून सुनेपर्यंत फिरते, तें योग्यच आहे. परंतु ही खाजगी किल्ली सख्ख्या भावाच्या संगणकावरही उतरवून ठेवूं नये. आणि वडील मंडळींस इतकीच विनंति: रात्रीं पडद्यापुढें बसलेला मुलगा हाकेस लगेच 'ओ' देत नसेल तर रागावूं नये. त्याचें पान थोडा वेळ झांकून ठेवावें. हातीं घेतलेली आज्ञा पुरती करूनच त्यास उठूं द्यावें.