राधेचे पाचशे रुपये

मैत्रिणींनो, जुन्या सिनेमांवर गप्पा निघाल्या की प्रत्येकीचं एखादं साल ठरलेलं असतं. कुणाला १९६५ च्या 'गाइड'पुढे काही दिसत नाही, कुणी १९६० च्या 'मुगल-ए-आझम'वरून खाली उतरायला तयार नसते. माझं साल १९५७. एकाच वर्षात 'प्यासा', 'नया दौर', 'दो आँखें बारह हाथ' आणि 'मदर इंडिया'! आपल्या आज्यांनी हे सिनेमे जत्रेतल्या तंबूत बसून पाहिले, आपण रविवारी संध्याकाळी दूरदर्शनवर पाहिले, आता मुली मोबाइलवर बघतात. रडायची ठिकाणं मात्र तीच. आणि नेमकं तिथेच मला आज थोडं वेगळं बोलायचंय.

'मदर इंडिया' आठवून बघा. नांगराला जुंपलेली नर्गिस, चिखलात माखलेला चेहरा, पुरात वाहून गेलेलं शेत, भुकेनं दगावलेली लेकरं. आपण पदर डोळ्यांना लावतो आणि म्हणतो, काय सोसलं हो बाईनं! पण हे सगळं सुरू कुठून झालं? म्हातारी राधा कालव्याच्या उद्घाटनाला येते आणि तिला मागचं आठवायला लागतं ते थेट तिचं लग्न. त्या लग्नासाठी सासूनं सुखीलालाकडून पाचशे रुपये कर्ज काढलेलं असतं. सासू एक अट सांगते, सावकार दुसरीच सांगतो. पंचायत बसते आणि निकाल सावकाराच्या बाजूनं लागतो. आलेल्या पिकाचे तीन भाग त्याचे, एक भाग यांचा, आणि तेही नुसत्या व्याजापोटी! मुद्दल पाचशे तसंच्या तसं.

म्हणजे बघा, पूर नंतर आला, दुष्काळ नंतर आला. नवऱ्याचे हात दगडाखाली चिरडले तेसुद्धा नंतर, कर्ज फेडायला पडीक जमीन नांगरायला गेले तेव्हा. आधी आलं ते लग्नाचं कर्ज आणि घरात कुणालाही वाचता न येणारा कागद. बिरजूचा सगळा राग सावकाराच्या त्या चोपड्यांवर असतो आणि शेवटी तो त्या जाळतो, ते उगीच नाही. मेहबूब खान यांनी ही गोष्ट आधी १९४० साली 'औरत' नावानं केली होती. दोन्ही चित्रपटांत सावकार झाले कन्हैयालाल. मधे सतरा वर्षं गेली, देश स्वतंत्र झाला, पण सावकार तोच! माझ्या मते या चित्रपटातलं सगळ्यात खरं पात्र तेच आहे. असा गोड बोलणारा माणूस आपल्या प्रत्येकीच्या ओळखीचा असतो.

पण आपण घरी काय करतो? कुणी बाई मरमर काम करत असली, तोंडातून ब्र काढत नसली, की कौतुकानं म्हणतो, "अगदी मदर इंडिया आहे हो." म्हणजे झालं! पदवी दिली की तिच्या डोक्यावरचं ओझं उतरवायची जबाबदारी संपली. मला हे कौतुक फार खटकतं. राधा नांगराला जुंपून घेते ती हौसेनं नाही, बैल उरले नाहीत म्हणून.

आणि राधा काही सोसून गप्प बसणारी बाई नाहीच मुळी. शेवट आठवा. बिरजू भर लग्नातून रूपाला उचलून घोड्यावरून पळवतो आणि राधा त्याच्यावर बंदूक रोखते. रूपा कोण? त्याच सुखीलालाची मुलगी. ज्या माणसानं हिचा संसार लुटला, उपाशी लेकरांच्या बदल्यात हिच्या अब्रूचा सौदा मांडला, त्याच्या मुलीसाठी ही पोटच्या पोराला गोळी घालते. मुलगी कुणाचीही असो, तिला उचलून नेणारा माझा मुलगा असला तरी गय नाही, हे १९५७ साली पडद्यावर एका आईनं करून दाखवलं. मुलगा चुकला तर पांघरूण घालणाऱ्या आया आजही गल्लोगल्ली आहेत. राधेचं खरं मोठेपण मला तिथे दिसतं. (गंमत म्हणजे आई झालेली नर्गिस आणि मुलगा झालेला सुनील दत्त यांचा जन्म एकाच महिन्यातला, जून १९२९ चा. पुढच्याच वर्षी दोघांनी लग्न केलं.)

कंगनांचीही गोष्ट आहेच. राधेचे कंगन सावकाराकडे जातात आणि बिरजू जन्मभर त्यांच्यामागे वेडा होतो. घरात अडचण आली की पहिलं काय जातं ते आपल्याला सांगायला नको. मंगळसूत्रातल्या वाट्या तेवढ्या राहतात.

बाकीच्या तिघांत माझं मत 'प्यासा'ला. भाऊ कवीच्या कविता रद्दीत विकतात आणि त्या जपते कोण, तर रस्त्यावर उभी राहणारी गुलाब. प्रकाशकाकडे जाऊन ती त्या छापूनही आणते. वहिदा रेहमाननं हे काम इतकं हळुवार केलंय की आजही बघताना घसा दाटतो. पण माला सिन्हाच्या मीनाला आपण फार लवकर शिव्या घालतो बरं का. कवीवर प्रेम केलं आणि लग्न पैसेवाल्याशी केलं, एवढाच तिचा गुन्हा. उद्या आपलीच मुलगी म्हणाली, मुलगा कविता छान करतो, नोकरी मात्र नाही, तर आपण काय सांगू? गुरुदत्तनं मीनाला जरा कठोरपणे वागवलंय असं मला वाटतं.

'नया दौर'मध्ये बस आली की टांगेवाल्यांनी खायचं काय, हा प्रश्न फार मोठा आहे आणि बी. आर. चोप्रांनी तो छान मांडलाय. पण एक जागा मला हसू आणते. दोघे जिवलग मित्र एकाच मुलीवर भाळतात आणि ठरवतात, रजनी देवळात कोणती फुलं वाहते त्यावरून ती कुणाची ते ठरेल. रजनीला विचारायचं मात्र कुणाच्या मनातही येत नाही! पडद्यामागेही तसंच. ही भूमिका आधी मधुबालाची होती. भोपाळच्या बाजूला बाहेरच्या चित्रीकरणाला पाठवायला वडिलांनी नकार दिला, प्रकरण कोर्टात गेलं आणि भूमिका वैजयंतीमालाकडे आली.

आणि आपल्या शांतारामबापूंचा 'दो आँखें बारह हाथ'. गोष्ट गदिमांची, आधार औंध संस्थानातल्या आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगाचा. सहा खुनी कैदी भाजी पिकवतात, स्वस्तात विकतात आणि ते बाजारातल्या व्यापाऱ्यांच्या डोळ्यांत खुपतं, हे बाजारहाट करणाऱ्या कुठल्याही बाईला चटकन पटेल. संध्याची खेळणी विकणारी चंपा मात्र मला शोभेपुरतीच वाटली.

पण मन पुन्हा त्या पाचशे रुपयांपाशी जातं. राधेच्या सासूनं काही वाईट मनानं कर्ज काढलं नव्हतं. मुलाचं लग्न थाटात व्हावं, गावानं नाव घ्यावं, एवढंच. आज मांडव जाऊन मंगल कार्यालय आलं, वाजंत्रीच्या जागी डीजे आला. सुखीलाला दारात येऊन ओट्यावर बसत नाही, दर आठवड्याला फायनान्सवाला येतो आणि गटातल्या दहाजणी एकमेकींच्या जामीन असतात. आपण आता सही करतो, अंगठा नाही. पण सही करण्याआधी कागद किती जणी वाचतात? "इथे करा, इथे करा," म्हणत माणूस पानं उलटत जातो आणि आपण करत जातो. व्याज महिन्याचं की वर्षाचं, हप्ता चुकला तर काय, हे विचारायचीसुद्धा आपल्याला लाज वाटते. राधेच्या सासूपाशी निदान वाचता येत नव्हतं हे कारण होतं.

२०१४ पासून महाराष्ट्रात सावकारी नियमनाचा कायदा आहे. परवाना नसताना सावकारी करणं गुन्हा आहे, परवानेवाल्यालाही पावती द्यावी लागते, आणि तक्रार सहकारी संस्थांच्या सहायक निबंधकांच्या कार्यालयात करता येते. तुमच्या तालुक्यात ते कार्यालय कुठे आहे, एवढं विचारून ठेवा.

आणि हो, १९५७ मधला तुमचा लाडका सिनेमा कोणता, तेही जरूर कळवा. 'मदर इंडिया' म्हणणार असाल, तर त्याच पत्रात हेही लिहा, तुमच्या लग्नाचं कर्ज कुणी काढलं होतं आणि ते कोणत्या साली फिटलं.