मशेरी लावणे म्हणजे दात घासणे नव्हे



या महिन्याच्या भित्तिपत्रकासाठी गुरुजींनी 'आपले आरोग्य' हा विषय दिला आहे. कोणी पिण्याच्या पाण्यावर लिहिले आहे, कोणी नखांवर लिहिले आहे. मी दातांवर लिहिणार आहे. दात सगळ्यांना आहेत. माझ्या आजीला चारच आहेत, पण आहेत. म्हणून हा लेख सगळ्यांनी वाचावा. माझे मत मी वर मथळ्यातच लिहिले आहे. ते मत कसे झाले ते आता सांगते.

पावसाळ्यातली गोष्ट आहे. एका रात्री माझी खालची दाढ ठणकायला लागली. रात्रभर झोप नाही. सकाळी गाल सुजला होता. आजी म्हणाली, "आगं पोरी, रडतीस कशाला? दाढंत मशेरी दाबून धर. कीड मरून जाईल." आजीने तिची डबी दिली. मी बोटावर मशेरी घेतली आणि दाढेत दाबली. थोडा वेळ बधिर झाल्यासारखे वाटले. मला वाटले, आजीचे औषध भारी आहे. मी तशीच शाळेत आले.

परिपाठाला उभी राहिले आणि सगळे मैदान गरगर फिरायला लागले. घाम सुटला, पोटात ढवळले आणि मी रांगेतच ओकले. गुरुजींनी मला सावलीत बसवले, चूळ भरायला लावली आणि विचारले, "काय खाल्लंस?" मी म्हणाले, "काहीच नाही गुरुजी. नुसते दात घासले." "कशाने?" "मशेरीने." गुरुजी जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "अगं, मशेरी म्हणजे तंबाखूच की!"

मित्रांनो, खरे सांगते, मला हे माहीत नव्हते. तुम्ही हसाल. कारण दुकानातून तंबाखूची पुडी मीच आणते. आई ती तव्यावर टाकून काळी होईपर्यंत भाजते, तेव्हा सगळ्या घरात ठसका उठतो. मग ती चुरून डबीत भरते. हे सगळे मी रोज बघते. तरी मला वाटायचे की तव्यावरून उतरली की ती तंबाखू राहत नाही, दंतमंजन होते. कारण आमच्या घरात कोणी "तंबाखू लावते" असे म्हणतच नाही. "दात घासते" असेच म्हणतात. मला वाटते, खोड इथेच आहे. नाव चांगले दिले की वाईट वस्तूपण चांगली वाटते.

पुढे शाळेत आरोग्य तपासणीची गाडी आली. डॉक्टरबाईंनी आमचे सगळ्यांचे तोंड बॅटरी लावून बघितले. माझी दाढ बघून त्या म्हणाल्या, "ही दुधाची नाही. ही कायमची आहे." साधारण सहाव्या वर्षी मागच्या बाजूला पहिली कायमची दाढ येते. ती दुधाचा दात पडून येत नाही, नवीनच येते. त्यामुळे घरच्यांना वाटते की हीपण पडेल, काळजी कशाला? पण ती पडून परत येत नसते. दुधाचे दात २० असतात, मोठेपणी अक्कलदाढा धरून ३२ होतात. त्यानंतर तिसऱ्यांदा काही मिळत नाही. बाबांनी मला तालुक्याला नेऊन दाढेत सिमेंट भरून आणले. आता दुखत नाही.

डॉक्टरबाईंना मी विचारले, "मशेरीने कीड मरते का?" त्या म्हणाल्या, दातात दिसणारी अळी अशी नसतेच. आपण गोड खातो, बिस्किटे खातो, त्याचा चिकटा दाताला राहतो. तोंडातले बारीक जंतू तो चिकटा खातात आणि त्यातून आम्ल तयार होते. ते आम्ल दाताचे वरचे कवच हळूहळू खाऊन टाकते. त्याला आपण कीड म्हणतो. तंबाखूने जरा बधिरपणा येतो म्हणून बरे वाटते, पण खड्डा तसाच मोठा होत राहतो. म्हणजे चोर घरात आणि आपण दिवा मालवून झोपलो, असे झाले.

मशेरीने आणखी काय होते तेही त्यांनी सांगितले. हिरड्या सैल होतात आणि दातांवरून खाली सरकतात, दात हलतात, दातांवर काळे डाग पडतात, तोंडाला वास येतो. तोंडाचा कर्करोग होऊ शकतो. आणि पोटुशी बाई मशेरी लावत असेल तर बाळ कमी वजनाचे होऊ शकते. हे आशाताईसुद्धा घरोघरी सांगतात, पण बायका "होय होय" म्हणतात आणि ताई गेल्या की डबी काढतात. तंबाखू घालून दंतमंजन किंवा पेस्ट करून विकायला सरकारने १९९२ सालीच बंदी घातली आहे. जे कारखान्यात करायला बंदी आहे, तेच आपण घरी तव्यावर करतो. हे मला पटत नाही.

आता मोठी माणसे काय म्हणतात ते लिहिते, कारण एकच बाजू लिहू नये असे गुरुजी म्हणतात.

आजी म्हणते, "माझी हयात गेली मशेरीत. मला काय धाड भरली?" मी आजीला उलट बोलले नाही. पण आजीला भाकरी दुधात कुस्करून खावी लागते. हुरड्याला सगळे शेतात बसतात तेव्हा आजी नुसती बघत बसते. मला तेव्हा वाईट वाटते. आजी म्हणते, आता गोवऱ्या मसणात गेल्या, आता कशाला सोडायची? मला वाटते, आजी अजून खूप वर्षे पाहिजे, म्हणून सोडायची.

आई म्हणते, "मशेरी लावल्याशिवाय मला पोटाला साफ होत नाही आणि डोकं दुखतं." हे खोटे नाही. तंबाखूत निकोटीन असते. त्याची शरीराला सवय लागते. सवय लागल्यावर ते मिळाले नाही की डोके दुखते, चिडचिड होते. म्हणजे जे दुखणे मशेरीने थांबते ते मशेरीनेच आणलेले असते. डॉक्टरबाई म्हणाल्या, पहिले काही दिवस जड जातात, मग त्रास कमी होत जातो.

आणि बाबा म्हणतात, "बायकांनी मशेरी लावणं वाईट!" पण बाबांच्या खिशात तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी असते. बाबा मला रागावतील, तरी लिहिते. तव्यावर भाजलेली तंबाखू वाईट आणि हातावर मळलेली चांगली, असे कसे होईल? एकट्या आईला बोलणे बरोबर नाही. सोडायची तर दोघांनी सोडावी.

काही जण म्हणतात, पेस्ट महाग पडते. पण जाहिरातीत दाखवतात तशी ब्रशभर पेस्ट लागतच नाही. वाटाण्याएवढी पुरते. आमची ट्यूब आता जास्त दिवस जाते. आणि रोजच्या तंबाखूच्या पुड्यांचा हिशोब केला तर पेस्ट स्वस्तच पडेल. कोणी राखुंडीने, कोळशाने किंवा विटेच्या भुकटीने दात घासतात. त्याने दात पांढरे दिसतात, पण खरखरीत भुकटीने भांडे झिजते तसा दातही झिजतो. कडुलिंबाची किंवा बाभळीची काडी चावून मऊ कुंचला केला आणि हळू घासले तर मशेरीपेक्षा पुष्कळ बरे. पण पेस्टमध्ये फ्लोराईड असते, त्याने दाताचे कवच घट्ट होते. ते काडीत नाही.

आता दात खरे कसे घासायचे ते लिहिते. आपल्या वर्गात बरीच मुले सकाळी एकदाच घासतात. मीपण तशीच होते. पण रात्रीचे घासणे जास्त महत्त्वाचे आहे. दिवसा तोंडात लाळ सुटते, ती दात धुते. रात्री झोपेत लाळ कमी सुटते. तेव्हा दाताला अन्न चिकटलेले राहिले तर जंतूंना रात्रभर जेवणावळ मिळते. म्हणून रात्री जेवून झाल्यावर दात घासावेत आणि मग पाण्याशिवाय काही तोंडात घालू नये. दोन मिनिटे घासावे. ब्रश मऊ असावा. दात बाहेरून, आतून आणि दाढा वरूनपण घासाव्यात. जोर लावू नये, आपण दात घासतो, तवा घासत नाही. पेस्ट गिळू नये, थुंकावी. जिभेवर पांढरा थर असतो, त्याचा वास येतो. तो जिभलीने हळू काढावा. ब्रशचे केस वाकडे झाले किंवा तीन महिने झाले की ब्रश बदलावा. एका ब्रशने दोघांनी घासू नये. आमच्याकडे मी आणि भाऊ एकच ब्रश वापरत होतो, आता वेगळे आहेत.

शाळेत दुपारची खिचडी खाल्ल्यावर नळावर दोनदा खळखळून चूळ भरावी. आणि कोणाच्या तोंडाला वास आला तर त्याला चिडवू नये. मलापण एकदा एकीने बाकावरून उठवले होते. त्याने वास गेला नाही, मला नुसते रडू आले.

पालकांना माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली, आम्हाला तंबाखू आणायला दुकानात पाठवू नका. २००३ च्या कायद्याप्रमाणे १८ वर्षांच्या आतील मुलाला तंबाखू विकता येत नाही, आणि शाळेपासून १०० यार्डांच्या आत तर कोणालाच विकता येत नाही. दुसरी, आमचे दात दुखले तर मशेरी लावू नका, दवाखान्यात न्या. तिसरी, ज्यांना सोडायची आहे त्यांनी पुडीवरचा नंबर बघावा. पुडीवर आजारी तोंडाचे चित्र असते, तिथेच १८००-११-२३५६ हा नंबर असतो. त्यावर फुकट फोन करून सवय कशी सोडावी ते विचारता येते. ज्यांना वाचता येत नाही त्यांना आम्ही वाचून दाखवू.

आमच्या घरी काय झाले तेही खरे खरे लिहिते. मी आता पुडी आणायला जात नाही. पहिल्या दिवशी नाही म्हणाले तेव्हा आई रागावली. मग तिला परिपाठातली गोष्ट सांगितली, तेव्हा ती गप्प बसली. आता ती दुपारची मशेरी लावत नाही, बडीशेप खाते. सकाळची अजून सुटली नाही. बाबांनी काही कबूल केले नाही. आजीने डबी सोडली नाही, पण रात्री मी ब्रश घेऊन ओट्यावर बसले की आजी शेजारी बसते आणि विचारते, "झाली का गं दोन मिन्टं?" तिचे चार दातपण मी मऊ ब्रशने घासून देते. आजी म्हणते, गुदगुल्या होतात.

माझे मत एवढेच आहे. मशेरी लावणे वेगळे आणि दात घासणे वेगळे. जी वस्तू दात पाडते तिला दात घासणे म्हणू नये. आजपासून निदान खरे नाव तरी घ्यावे, म्हणजे लहान मुले माझ्यासारखी फसणार नाहीत.

लहान तोंडी मोठा घास घेतला असेल तर माफी असावी. चूकभूल द्यावी घ्यावी.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी