पाय चेपू नका, नजर ठेवा

या महिन्यात कॉम्प्युटर बाजूला ठेवून हॉस्पिटलबद्दल लिहितोय. आईवडील, काका, आत्या यांच्या उशाशी बसायची पाळी आता आपल्या पिढीवर येऊ लागली आहे, म्हणून.

पल्मनरी एम्बोलिझम हे नाव ऐकलंय? बहुतेक वेळा पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी होते, ती सुटते आणि हृदयावाटे जाऊन फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकते. मोठं ऑपरेशन, मोडलेलं हाड, बरेच दिवस अंथरुणावर पडून राहणं, कॅन्सर, बाळंतपण अशा वेळी धोका वाढतो. अचानक धाप लागते, श्वास घेताना छातीत टोचतं, नाडी धावू लागते. कधी माणूस चक्कर येऊन पडतो.

गेल्या वर्षी इंदूरला आत्याचं खुब्याचं ऑपरेशन झालं आणि चौथ्या दिवशी हेच झालं. औषध डॉक्टरांनी ठरवलं, पण पुढचे दिवस-रात्र सांभाळले सिस्टरांनी. त्यांना विचारून विचारून मी बरंच समजून घेतलं.

माझं ऑफिसातलं काम सर्व्हरवर लक्ष ठेवण्याचं. एका आकड्यापेक्षा आकडा कुठे चाललाय हे महत्त्वाचं, हे आम्हाला पाठ असतं. सिस्टरही तेच करत होत्या. मॉनिटरवर ऑक्सिजन ९४ च दिसत असला, तरी मिनिटाला २० असलेले श्वास २८ झाले तर त्या लगेच डॉक्टरांना फोन करत. उशाकडची बाजू उंच, नाकाला ऑक्सिजन, आणि बीपीवर सतत डोळा. वरचं बीपी ९० च्या खाली जाऊन तसंच राहिलं, तर मामला जिवावरचा.

हेपरिन पंपातून चालू होतं. हे औषध गुठळी विरघळवत नाही, ती वाढू देत नाही. विरघळवण्याचं काम शरीर हळूहळू स्वतःच करतं. डोस कमी पडला तर गुठळी वाढते, जास्त झाला तर रक्तस्राव. म्हणून पंपाचा आकडा दोन सिस्टर मिळून तपासत आणि सुरुवातीला दर सहा तासांनी रक्त घेत. काका वैतागले, "किती रक्त काढता हो?" सिस्टर म्हणाल्या, "काका, त्यावरच तर पुढचा डोस ठरतो."

एका संध्याकाळी आत्या आतेबहिणीला म्हणाली, "पोटऱ्या ओढताहेत गं, जरा पाय चेप." आपल्याकडे सेवा म्हणजे पाय चेपणं! सिस्टरांनी तिथेच थांबवलं. पायात गुठळी असेल तर दाबल्याने ती सुटू शकते. चेपायचं नाही, चोळायचं नाही.

मग जवळच्यांनी करायचं काय? नजर ठेवायची. हिरड्यांतून रक्त, लालसर लघवी, काळी शौच, नवे काळेनिळे डाग, अचानक जोराची डोकेदुखी किंवा धाप, यातलं काहीही दिसलं की लगेच सिस्टरांना सांगायचं. अलार्म वाजला तर बटण आपण दाबायचं नाही. पेशंटला मऊ ब्रश द्यायचा. आणि जवळ बसून बोलायचं, कारण श्वास अडकला की माणूस फार घाबरतो.

घरी आल्यावर रक्त पातळ करणारी गोळी साधारण किमान तीन महिने असते. ती स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. अंगदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर पेनकिलर आणायची नाही. गोळी वॉर्फरिन असेल तर आयएनआर तपासणी चुकवायची नाही, आणि मेथी-पालक एकदम वाढवायचं किंवा तोडायचं नाही.

आणखी एक. घरात कुणाचं मोठं ऑपरेशन ठरलं, तर आधीच विचारा, "पायात गुठळी होऊ नये म्हणून तुम्ही काय करणार आहात?" इंजेक्शन, घट्ट मोजे, लवकर उठवून चालवणं, काहीतरी उत्तर मिळेलच. हा प्रश्न विचारायला डॉक्टर असावं लागत नाही.