जरबेऱ्याचं रोप घेताना दराआधी दाखला विचारा



पॉलीहाऊसमध्ये जरबेरा लावायचा विचार आपल्यापैकी काही जण करत आहेत. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो, "रोप कितीला?" आमच्या मते हा प्रश्न शेवटी विचारायचा आहे.

केळीची टिश्यूची जी-नाईन रोपं आपल्याला माहीत आहेत. जरबेऱ्याचंही तसंच आहे. बियापासून केलेलं झाड आईसारखं निघत नाही, फुलाचा रंग आणि दांडा बदलतो. गड्डा फोडून लावला तर मोजकीच रोपं मिळतात आणि मुळाचा रोगही सोबत येतो. म्हणून प्रयोगशाळेत निवडक झाडाचा कोवळा शेंडा निर्जंतुक करून बाटलीत साखर, क्षार आणि संजीवकं असलेल्या माध्यमावर वाढवतात. त्याला फुटवे येतात, ते वेगळे करून पुन्हा वाढवतात आणि शेवटी मुळ्या आणतात.

पण नक्कल गुणाची होते तशी दोषाचीही होते. मातृरोपात विषाणू असला तर तो हजारो रोपांत उतरू शकतो. फुटवे फार वेळा फोडले तर काही रोपं वेगळीच निघतात. हे कळतं कधी? फूल आल्यावर, म्हणजे लावणीनंतर अडीच-तीन महिन्यांनी. चौरस मीटरला ६ रोपं धरली तर १० गुंठ्यांत ६,००० च्या आसपास रोपं बसतात आणि पीक दोन-तीन वर्षं ठेवायचं असतं. तेवढी वर्षं कर्जाचा हप्ताही चालूच राहतो.

म्हणून हे चार प्रश्न आधी विचारा:

*१.* प्रयोगशाळेला मान्यता आहे का? केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००६ मध्ये टिश्यू कल्चर रोपांसाठी राष्ट्रीय प्रमाणीकरण व्यवस्था सुरू केली आहे.
*२.* विषाणू तपासणीचा कागद आहे का?
*३.* फुटवे किती वेळा फोडले?
*४.* रोपं शेडमध्ये नीट कणखर केली आहेत का? बाटलीतून काढलेलं रोप उघड्या हवेत लगेच सुकतं.

"कागदवालं रोप महाग पडतं," असं कुणी म्हणेल. पडू द्या. रोपं एकदाच घ्यायची असतात, पण वाकड्या दांड्याचं फूल बाजारात रोज मार खातं.

बाजाराचंही बघा. नागनाथाच्या दर्शनाला येणारा भाविक झेंडू-शेवंतीचा हार घेतो. जरबेरा हे लग्नाच्या मंडपाचं आणि गुलदस्त्याचं फूल, त्याचं मोठं गिऱ्हाईक शहरात. व्यापारी ठरल्याशिवाय रोपांची बुकिंग करू नका.

आणि एकट्याने बुकिंग करू नका. पाच-सहा जणांची मागणी कंपनीमार्फत एकत्र गेली, तर कागद मागायला जोर येतो आणि दरही उतरतो. ज्यांचा विचार पक्का आहे त्यांनी नाव, गाव आणि किती गुंठे ते ग्रुपवर कळवा.